धर्मग्रामातील उपवासकाळाचा उपक्रम: एका सदस्याचे परीक्षण

मिस्सा (कॅथलिक चर्चची मुख्य उपासना) किंवा पापक्षमेचा संस्कार यांना गुण देणे हे कोणाही श्रद्धावंताचे काम नव्हे. परंतु त्यांच्याभोवती धर्मग्राम (एका चर्चचा स्थानिक समाज) जी व्यवस्था उभी करतो, म्हणजे वेळापत्रक, पत्रके, पुस्तिका, प्रवचने, दानाची योजना आणि रांगांचे नियोजन, ती माणसांनी माणसांसाठी केलेली सेवा असते आणि तिचे परीक्षण व्हायला हरकत नसावी. 2026 च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्ताच्या काळात, 18 फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारापासून 2 एप्रिलच्या पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत, एका मध्यम आकाराच्या धर्मग्रामाने जो उपक्रम राबवला त्याविषयी मी येथे लिहीत आहे. धर्मग्रामाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण या उपक्रमाचे गुणदोष कोणत्याही कॅथलिक धर्मग्रामात थोड्याफार फरकाने सापडण्यासारखे आहेत.

परीक्षणाला कसोटी हवी, आणि ती माझ्या आवडीनिवडीची असून चालणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने, डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयी जे संविधान संमत केले, त्यात उपवासकाळाची दोन अंगे सांगितली आहेत: एक स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) तयारी किंवा आठवण, आणि दुसरे प्रायश्चित्त. हे प्रायश्चित्त केवळ मनातले आणि एकट्याचे न राहता बाहेर दिसणारे आणि सामाजिकही असावे, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. ही कसोटी लावली, तर या उपक्रमाचा दुसरा भाग चांगला उतरतो आणि पहिला एका ठळक अपवादाखेरीज दुर्लक्षित राहतो. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवतो: या काळाचे मूळ रूप जसेच्या तसे राहू दिले तिथे उपक्रम उत्तम चालला, आणि आयोजकांनी हौसेने काही जोडले तिथे तो बहुधा घसरला.

सर्वांत आधी हाती येते ते नियमांचे पत्रक, आणि तेच या उपक्रमाचे सर्वांत कच्चे काम आहे. ‘शुक्रवारी मांसाहार वर्ज्य, राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी उपवास’ एवढ्या एका ओळीत सारा विषय आटोपला आहे. वास्तविक 1983 च्या कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, वर्ज्य आणि उपवास ही दोन वेगळी बंधने आहेत. मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाची 14 वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. उपवासाचा नियम मात्र 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच, म्हणजे एकोणसाठाव्या वाढदिवसापर्यंतच बंधनकारक आहे. उपवास म्हणजे दिवसभर अन्नत्याग, असाही अनेकांचा समज असतो; पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार त्या दिवशी एक पूर्ण जेवण घेता येते आणि सकाळ-संध्याकाळ थोडे खाण्यासही मुभा आहे. आजारी माणसे आणि गर्भवती स्त्रिया यांनी प्रकृतीला न झेपणारा उपवास करावा, अशी चर्चची अपेक्षा नाही. शिवाय प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेला वर्ज्याच्या जागी दुसरे प्रायश्चित्त किंवा सत्कृत्य ठरवून देण्याचा अधिकार आहे. यांतले काहीच पत्रकात नसल्यामुळे दोन टोकाचे परिणाम दिसले: औषधे चालू असलेली वृद्ध माणसे भीतीपोटी उपाशी राहिली आणि ज्यांच्यावर बंधन आहे अशी तरुण मुले हा सगळा ऐच्छिक मामला समजून मोकळी झाली. पत्रकाची मागची बाजू संपूर्ण कोरी होती, तेव्हा जागा नव्हती असे म्हणण्याचीही सोय नाही.

चाळीस दिवसांचा हिशोबही तेथेच देता आला असता. उपासनेच्या दृष्टीने हा काळ पवित्र गुरुवारी संध्याकाळी संपत असला, तरी हा हिशोब राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत मोजला जातो आणि 46 दिवस भरतात. त्यांतले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने तो कधीच उपवासाचा मानला गेला नाही. 325 सालच्या निकेयाच्या परिषदेच्या पाचव्या नियमातही या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो, इतकी ही परंपरा जुनी आहे. लहान मुलांना हे गणित आवडते आणि मोठ्यांनाही ते बहुधा कोणी नीट सांगितलेले नसते.

राखेच्या बुधवारची व्यवस्था याच्या अगदी उलट, म्हणजे निर्दोष होती. हा दिवस बंधनकारक मिस्सेचा नाही, तरीही या दिवशी चर्चमध्ये जी गर्दी होते ती अनेक बंधनकारक सणांना होत नाही, आणि ही गर्दी गृहीत धरून पहाटे, दुपारी आणि रात्री अशा वेळा ठेवल्या होत्या. कामावर जाणाऱ्यांना आणि पाळीत काम करणाऱ्यांना त्यामुळे रजा काढावी लागली नाही. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या गोळा करण्यासाठी चर्चच्या दाराशी आधीचे काही आठवडे टोपली ठेवली होती, त्यामुळे आपल्याच घरातल्या झावळीची राख आपल्याच कपाळावर लागते हे लोकांना समजले. राख लावताना ‘पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा’ किंवा ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ अशी दोन वचने उपलब्ध असतात; येथे दोन्ही रांगांना एकच वचन ठरवून दिले होते, हेही विचारपूर्वक केलेले दिसले. त्याच मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो, ज्यात उपवास करताना तोंड धुवा आणि लोकांना दिसू देऊ नका असे येशू सांगतो, आणि लगेच आपण कपाळावर राख घेऊन रस्त्यावर येतो. या विसंगतीवर प्रवचनात नेमके बोट ठेवले गेले, ते मला या साऱ्या उपक्रमातील उत्तम प्रवचनांपैकी एक वाटले; ते आटोपशीर होते हाही त्याचा गुणच.

दररोजच्या चिंतनाची छापील पुस्तिका साधारण आहे. त्या त्या दिवसाच्या वाचनांचे संदर्भ अचूक आहेत, टंक वृद्धांनाही वाचता येईल इतका मोठा आहे; मजकूर मात्र बराचसा गुळगुळीत उपदेशाचा आहे आणि पंधरा दिवसांनंतर तो स्वतःचीच पुनरुक्ती करू लागतो. वाचनांचे संदर्भ ठेवून मजकूर गाळला असता तरी तिचा उपयोग कमी झाला नसता.

शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेविषयी, म्हणजे येशूच्या मरणवाटेतील प्रसंगांच्या चित्रांपाशी (‘स्थानांपाशी’) थांबत केल्या जाणाऱ्या प्रार्थनेविषयी, अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण धर्मग्रामातील बहुसंख्य लोकांसाठी उपवासकाळ म्हणजे मुख्यतः हीच भक्ती. जेरुसलेमला जाऊ न शकणाऱ्यांना ती वाट आपल्या गावातच चालता यावी, या हेतूने तिचा प्रसार करण्याचे श्रेय मुख्यतः फ्रान्सिस्कन संन्याशांकडे जाते, आणि पोप बारावे क्लेमेंट यांनी 1731 मध्ये स्थानांची संख्या चौदा अशी निश्चित केली. म्हणजे चालणे हा या भक्तीचा गाभा आहे. या धर्मग्रामात पहिल्या दोन शुक्रवारी ती तशीच झाली: क्रूस आणि दोन मेणबत्त्या घेतलेली मुले एका स्थानाकडून दुसऱ्याकडे जात होती, लोक आपापल्या जागी उभे राहून त्यांच्याकडे वळत होते, गुडघे टेकत होते, आणि प्रत्येक स्थानापाशी एक लहानसे वाचन, थोडी शांतता व एक कडवे एवढेच घडत होते. पाऊण तासाच्या आत सारे आटोपत असे आणि तरीही घाई जाणवत नसे. गर्दीमुळे सर्वांना चालणे शक्य नसेल तेव्हा निदान प्रार्थना चालवणाऱ्याने तरी एका स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे जावे, अशी या भक्तीशी जोडलेल्या पूर्ण दंडमोचनाची (पापांबद्दलच्या शिक्षेतून सुटकेची) अटच आहे, आणि ती येथे सहज पाळली गेली.

तिसऱ्या शुक्रवारपासून मात्र पडदा आला. वेदीच्या बाजूला मोठा पडदा लावून त्यावर चित्रे, पार्श्वसंगीत आणि ध्वनिमुद्रित निवेदन सुरू झाले. क्रूस एका जागी रोवला गेला, मुले बसून राहिली आणि लोकांच्या माना भिंतीवरील स्थानांकडून पडद्याकडे वळल्या. प्रत्येक स्थान वेगवेगळ्या गटाला वाटून दिल्यामुळे प्रत्येक गटाने आपले चिंतन लांबवले, आणि बाराव्या स्थानापाशी, जिथे येशू क्रूसावर प्राण सोडतो आणि जिथे खरे तर कोणीच काही बोलू नये, तिथे सर्वांत लांब निवेदन होते. माझ्या शेजारच्या बाकावरची वयस्कर मंडळी तोपर्यंत थकून बसलेली असत. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण ज्या भक्तीत शरीर वळते, वाकते आणि उठते तिला बसून पाहण्याचा कार्यक्रम केले की तिच्यातले फारसे काही उरत नाही. आयोजकांना काही नवे करायचेच असेल, तर पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1991 च्या शुभ शुक्रवारी कलोसियममध्ये वापरलेली, केवळ शुभवर्तमानांतील प्रसंगांवर आधारलेली चौदा स्थाने एखाद्या शुक्रवारी घेता येतील. पारंपरिक मालिकेतील तीन वेळा पडणे किंवा व्हेरोनिकाची भेट त्यांत नाही, आणि गेथसेमाने, पेत्राचा नकार व पश्चात्तापी चोर हे प्रसंग त्यांत आहेत. ते नावीन्य पडद्याविना साधते.

पापनिवेदनाची सोय हा या उपक्रमाचा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. 1973 च्या विधीनुसार अनेकांनी एकत्र येऊन वाचन, आत्मपरीक्षण आणि प्रार्थना करावी व नंतर प्रत्येकाने स्वतंत्रपणे पापनिवेदन करून क्षमा घ्यावी, अशी एक पद्धत आहे. चौथ्या आठवड्यात तशी एक संध्याकाळ ठेवली होती आणि शेजारच्या धर्मग्रामांतून धर्मगुरू बोलावले होते. पाहुणे धर्मगुरू असल्याने, ज्यांना ओळखीच्या धर्मगुरूंपाशी बोलण्याचा संकोच वाटतो त्यांची मोठी सोय झाली. जाळीआडून निवेदन करण्याची इच्छा असणाऱ्याला तशी जागा मिळाली पाहिजे, असे कॅनन कायदा सांगतो; येथे दोन ठिकाणी जाळी होती आणि बाकी ठिकाणी समोरासमोर खुर्च्या होत्या, कोणती रांग कशाची हे फलकावर लिहिले होते, आणि रांगेतील माणसाला आतले बोलणे ऐकू जाणार नाही इतके अंतर राखण्यासाठी स्वयंसेवक उभे होते. निवेदनाची गुप्तता अभंग आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण रांग दारात येऊन टेकली की ते ज्ञान कामाला येत नाही. बऱ्याच वर्षांनी आलेल्यांसाठी एका कार्डावर विधीचा क्रम छापला होता; त्यामुळे ‘मला काय म्हणायचे ते आठवत नाही’ ही अडचण दूर झाली. आत्मपरीक्षणाचे प्रश्नही नेहमीच्या साच्यातले नव्हते. कामावर ठेवलेल्या माणसाचा पगार वेळेवर दिला का, आईवडिलांच्या आजारपणाचा भार एकाच भावंडावर टाकला का, खात्री न करता कोणाविषयी मजकूर पुढे पाठवला का, असे ते प्रश्न होते, आणि ते वाचले जात असताना चर्चमध्ये कोणी खोकलेसुद्धा नाही.

त्याच आठवड्याच्या तोंडावर, 13 आणि 14 मार्चला, पोप फ्रान्सिस यांनी 2014 मध्ये सुरू केलेले ‘प्रभूसाठी चोवीस तास’ पाळले गेले. चर्च रात्रभर उघडे, वेदीवर परमप्रसादाचे (मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीचे) दर्शन, एका कोपऱ्यात पापनिवेदनासाठी धर्मगुरू आणि बाकी शांतता, एवढीच योजना होती. याला जवळजवळ काहीच तयारी लागली नसावी. याउलट अतिथी प्रवचनकारांच्या तीन संध्याकाळच्या ध्यानसाधनेला भरपूर तयारी लागली होती, आणि ध्वनिवर्धकाचा आवाज इतका चढा होता की ध्यान हा शब्द तिथे केवळ पत्रकापुरता उरला.

आता त्या ठळक अपवादाविषयी. यंदा रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातील ‘अ’ वर्ष असल्याने तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानच्या शुभवर्तमानातील विहिरीवरची शमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजरस हे तीन दीर्घ प्रसंग लागोपाठ आले. पाणी, प्रकाश आणि जीवन या क्रमाने हे प्रसंग स्नानसंस्काराकडे नेतात, आणि म्हणूनच ज्या प्रौढांचा पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीत स्नानसंस्कार व्हायचा असतो त्यांच्यासाठी याच तीन रविवारी विशेष प्रार्थना करण्याची प्राचीन प्रथा 1972 च्या विधीने पुन्हा सुरू केली. या धर्मग्रामात असे मोजके दीक्षार्थी होते. ते आपापल्या सोबत्यांसह वेदीपुढे गुडघे टेकत, सोबती त्यांच्या खांद्यावर हात ठेवत, सारे चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करी, आणि मग त्यांना चिंतनासाठी बाहेर नेले जाई, कारण परमप्रसादात सहभागी होण्याचा त्यांचा काळ अजून यायचा असे. जन्मापासून कॅथलिक असलेल्या आम्हा लोकांना उपवासकाळ म्हणजे काही सोडण्याचा काळ वाटतो. त्यांच्याकडे पाहताना तो काही मिळण्याचा काळ आहे हे न सांगता कळत होते. आणि तरीही पत्रकात या तीन रविवारांचा उल्लेख नव्हता, सूचनांमध्ये त्यांचे स्पष्टीकरण नव्हते, आणि पाचव्या रविवारी तर वेळ वाचवण्यासाठी लाजरसच्या प्रसंगाचे संक्षिप्त रूप वाचले गेले. संक्षिप्त वाचनाला परवानगी आहे, हे मान्य. परंतु त्याच मिस्सेच्या शेवटी आगामी कार्यक्रमांच्या सूचना रेंगाळत चालल्या, तेव्हा वेळ कुठे वाचवायला हवा होता हे वेगळे सांगायला नको.

दानाची योजना मूळ कल्पनेत सुंदर होती. उपवासाने वाचलेले पैसे गरजूंना गेले पाहिजेत, हा विचार पाचव्या शतकातील पोप थोर लिओ यांच्या उपवासकाळातील प्रवचनांत वारंवार येतो, आणि राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी वाचला जाणारा यशयाचा अठ्ठावन्नावा अध्यायही भुकेल्याला भाकरी देण्यालाच खरा उपवास म्हणतो. प्रत्येक कुटुंबाला एक पाकीट देऊन त्यावर ‘या आठवड्यात आम्ही काय टाळले’ अशी ओळ छापली होती, त्यामुळे दान हे वर्गणी न राहता त्यागाशी जोडले गेले. जमलेली रक्कम आणि ती कुठे खर्च होणार याचा हिशोब पाचव्या रविवारी जाहीर झाला, तोही समाधानकारक होता. मात्र त्यासोबत मोठ्या देणगीदारांची नावे रकमेसह सूचनाफलकावर लावण्यात आली. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नका, हे वचन ज्या दिवशी वाचून हा काळ सुरू झाला, त्या दिवसापासून फलकापर्यंतचे अंतर सहा आठवड्यांचेही नव्हते. ही यादी पुढील वर्षी लावू नये, एवढी एक सूचना मी कार्यालयात लेखी दिली आहे.

चर्चच्या अंतर्गत रूपाबाबत तक्रार नाही. वेदीवर फुले नव्हती, वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती होती, ‘आलेलुया’ आणि गौरवगीत बंद होते. नियमानुसार मोकळीक असलेल्या चौथ्या रविवारी गुलाबी झगा, फुले आणि वाद्यसंगीत आले. 19 मार्चला संत जोसेफच्या आणि 25 मार्चला देवदूताच्या शुभसंदेशाच्या महोत्सवाला गौरवगीतही गायले गेले. पाचव्या रविवारपासून क्रूस आणि प्रतिमा जांभळ्या कापडाने झाकल्या होत्या. ही प्रथा ऐच्छिक आहे, पण ज्यांनी ती पाळायची ठरवली त्यांनी ती नीट पाळली. क्रूसावरचे कापड शुभ शुक्रवारच्या उपासनेत निघाले आणि प्रतिमांवरचे जागरणविधीच्या आधी.

पुढील वर्षी या धर्मग्रामात किंवा अशाच एखाद्या धर्मग्रामात उपवासकाळ पाळू इच्छिणाऱ्यांना माझा सल्ला असा की सर्व कार्यक्रमांना हजर राहण्याचा हट्ट धरू नये. राखेचा बुधवार, सामूहिक प्रायश्चित्ताची संध्याकाळ आणि तिसरा ते पाचवा हे तीन रविवार चुकवू नयेत. क्रूसाची वाट पहिल्या पंधरवड्यात करावी, आणि त्यानंतर पडदा आला तर चर्च रिकामे असताना दुपारी स्वतःच चौदा स्थाने चालावीत, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते. वार्षिक पापनिवेदन पवित्र सप्ताहावर ढकलू नये. त्या आठवड्यात रांगा लांबतात, धर्मगुरू विधींच्या तयारीत असतात आणि ज्याला काही सावकाश बोलायचे आहे त्याला ते बोलता येत नाही. शनिवारच्या नेहमीच्या वेळा त्यासाठी अधिक सोयीच्या आहेत. फक्त निघण्यापूर्वी कार्यालयात एकदा विचारून घ्यावे, कारण छापील पत्रकातील वेळा मध्येच बदलल्या गेल्या आणि तो बदल केवळ शेवटच्या सूचनांमध्ये, निम्मे लोक बाहेर पडल्यावर, सांगितला गेला.